जॅकचे प्रकार: उचलायला कोणता आणि धरून ठेवायला कोणता?

सांजवात
नमस्कार. गेल्या आठवड्यातल्या एका प्रसंगामुळे हा धागा काढत आहे. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक पॅड बदलायचे होते. बाटलीच्या आकाराच्या हायड्रॉलिक जॅकने मी ती बाजू उचलली आणि चाक काढले. तेवढ्यात अंधार पडला, म्हणून उरलेले काम सकाळी करू असे ठरवून गाडी तशीच जॅकवर ठेवली. रात्री दहाला सारे ठीक होते. सकाळी सहाला पाहतो तो ब्रेकची तबकडी जमिनीला टेकलेली आणि जॅकचा दट्ट्या सुमारे शंभर मिलिमीटर आत गेलेला. आवाज झाला नाही, जॅक मोडला नाही, गाडी नुसती सावकाश खाली बसली होती. गाडीखाली कोणी नव्हते, पण तेव्हापासून मन स्वस्थ नाही.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, पाच टनांचा म्हणून घेतलेला जॅक चारशे किलोंचा भारही रात्रभर का धरू शकला नाही? दोन, गाडीबरोबर मिळालेला सिझर जॅक (आडवा स्क्रू फिरवला की कात्रीसारखा उघडून वर येणारा) सुरुवातीला फिरवताना जीव काढतो आणि वर गेल्यावर हलका होतो, असे का? तीन, जॅकचे इतके प्रकार असताना कोणत्या कामाला कोणता वापरावा, याचा काही पाया आहे का?

ओरिंग
सर्वांत आधी एकच विनंती. चाक काढण्यापूर्वी गाडीच्या सांगाड्याखाली लोखंडी स्टँड लावून भार त्याच्यावर उतरवत चला. बाकीची चर्चा त्यानंतर करू.

कणाद
सांजवात, पहिल्या प्रश्नाचे उत्तर जॅकच्या पोटात आहे. बॉटल जॅकमध्ये दोन दट्ट्या असतात: दांड्याने हलवायचा लहान आणि भार उचलणारा मोठा. समजा लहान दट्ट्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि मोठ्याचा ३६ मिलिमीटर आहे. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. पास्कलच्या नियमाप्रमाणे कोंडलेल्या द्रवातला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, म्हणून बलही नऊपट होते. त्यात दांड्याच्या तरफेचा सोळापट फायदा मिळवला, तर एकूण १४४ पट होतात. हाताने बारा किलोंचा जोर लावला की घर्षण सोडून सतराशे किलो उचलले जातात. याची किंमत अंतरात मोजावी लागते. लहान दट्ट्या अठरा मिलिमीटर खाली गेला, तर मोठा फक्त दोन मिलिमीटर वर येतो.

आता भार धरण्याविषयी. दांडा वर घेताना टाकीतले तेल एका गोळीच्या झडपेतून आत ओढले जाते आणि दांडा दाबताना दुसऱ्या तशाच झडपेतून मोठ्या दट्ट्याखाली ढकलले जाते. तेल परत टाकीत सोडायचा स्क्रूही बहुतेक जॅकमध्ये एका गोळीलाच तिच्या बैठकीवर दाबून धरतो. म्हणजे तुम्ही हात काढल्यावर तुमची गाडी पोलादी गोळ्यांच्या बैठकींवर आणि दट्ट्याभोवतीच्या सीलवर उभी असते. त्यापैकी एकीखालीही केसाएवढा कण अडकला की तेल झिरपू लागते.

तुमच्या रात्रीचा हिशेब करून पाहा. ३६ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या शंभर मिलिमीटर खाली येण्यासाठी सुमारे १०२ घन सेंटिमीटर तेल निसटावे लागते. आठ तासांत एवढे, म्हणजे मिनिटाला जेमतेम चार थेंब. गळती जर स्क्रूच्या बैठकीतून होत असेल, तर हे तेल पुन्हा टाकीतच जाते आणि बाहेर एक डागही दिसत नाही. पाच टनांचा आकडा जॅक किती भार उचलू शकेल ते सांगतो. तो भार तो किती तास धरून ठेवील, याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

मळसूत्र
कणाद यांचे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. उचलणे आणि धरणे ही दोन वेगळी कामे आहेत. प्रत्येक जॅक पाहताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हात काढल्यावर भार नेमका कशावर उभा आहे?

आट्यांच्या जॅकमध्ये तो घर्षणावर उभा असतो. पाचशे मिलिमीटरचा दांडा आणि दहा मिलिमीटर अंतराचे आटे घ्या. एका फेऱ्यात हात ३१४२ मिलिमीटर फिरतो आणि भार दहा मिलिमीटर वर जातो, म्हणजे कागदावर ३१४ पट फायदा. प्रत्यक्षात त्यातला जवळजवळ तीनचतुर्थांश घर्षण खाऊन टाकते आणि वीस किलोंच्या जोरात दीड टनाहून थोडेच अधिक उचलले जाते. ऐकायला हा तोटा वाटतो, पण तेच घर्षण भाराला परत उतरू देत नाही. स्क्रू आपोआप उलटा फिरू नये असे हवे असेल, तर त्याची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या खालीच असावी लागते. गमावलेली मेहनत म्हणजे भार धरून ठेवल्याचे मोल, असे मी मानतो.

या गुणावर एकेकाळी अख्ख्या इमारती उचलल्या गेल्या. शिकागो शहराची जमीन सखल असल्यामुळे सांडपाणी वाहून जात नव्हते, म्हणून तिथे रस्त्यांची पातळी वाढवली आणि उभ्या इमारतीही त्यांच्याबरोबर वर घेतल्या. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची ३२० फूट लांबीची इमारतींची सलग रांग सुमारे सहा हजार आट्यांच्या जॅकवर सहाशे माणसांनी पाच दिवसांत चार फूट आठ इंच उचलली. माणशी दहा जॅक होते. इशारा झाला की सर्वांनी आपापले स्क्रू ठरल्याइतकेच फिरवायचे आणि थांबायचे. रात्री सारे घरी गेल्यावरही इमारत जिथल्या तिथे राही, कारण ती सहा हजार स्क्रूंच्या घर्षणावर उभी होती.

पायवाट
मळसूत्र, एक शंका आहे. घर्षणच जर भार धरत असेल, तर स्क्रूला ग्रीस लावल्यावर जॅक घसरणार नाही का? याच भीतीने मी माझा सिझर जॅक वर्षानुवर्षे कोरडा ठेवला आहे.

मळसूत्र
शंका रास्त आहे, पण तिच्यामुळे जॅकचे नुकसान होत आहे. वरच्याच उदाहरणात स्क्रूचा सरासरी व्यास ४५ मिलिमीटर धरला, तर आट्यांचा चढ सुमारे चार अंशांचा होतो. ग्रीस लावलेल्या पोलादाचा घर्षणांक ०.१२ धरला, तर घर्षणाचा कोन सुमारे सात अंश येतो. चढ जोपर्यंत या कोनापेक्षा कमी आहे, तोपर्यंत स्क्रू स्वतःहून फिरत नाही. कोरड्या स्क्रूचे आटे मात्र खरवडले जातात आणि झिजलेला आटा भाराखाली सोलून निघू शकतो. तेव्हा ग्रीस अवश्य लावा.

सतत थरथर असेल तिथे मात्र हा फरक पुरेसा मानू नये, तिथे वेगळे कुलूप हवे. आट्यांमध्ये लोखंडी गोळ्या फिरणारे स्क्रूही असतात. त्यांचे घर्षण इतके कमी असते की भार ठेवताच ते उलटे फिरू लागतात, म्हणून त्यांना ब्रेक जोडावाच लागतो.

त्रिज्या
सिझर जॅकचे कोडे मी सोडवून पाहते. चार भुजांचा तो चौकोन कागदावर काढा. भुजा जमिनीशी किती अंशांचा कोन करतात, त्यावर आडव्या स्क्रूतला ताण ठरतो. कोन पंधरा अंशांचा असताना हा ताण भाराच्या ३.७ पट असतो, पंचेचाळीस अंशांना भाराएवढा आणि साठ अंशांना भाराच्या जेमतेम ०.६ पट. म्हणजे चारशे किलोंसाठी स्क्रूला सुरुवातीला सुमारे दीड हजार किलोंचा ताण सोसावा लागतो आणि शेवटी अडीचशेहूनही कमी.

यात फसवणूक कुठेच नाही. जॅक खाली बसलेला असताना स्क्रूच्या एका फेऱ्यात तो अधिक उंच चढतो आणि वर गेल्यावर त्याच फेऱ्यात थोडाच चढतो. पुढच्या वेळी नीट पाहा, पहिल्या फेऱ्यांत तो भराभर वर येतो आणि शेवटच्या फेऱ्यांत जागचा हलत नसल्यासारखा वाटतो. जिथे चढ जास्त, तिथे जोर जास्त.

टायर पंक्चर झाल्यावर गाडी मुळातच काही सेंटिमीटर खाली बसलेली असते, त्यामुळे जॅकला नेमक्या त्याच अवघड कोनात काम सुरू करावे लागते. त्यात खाली जाड फळी घातली, तर कोन आणखी लहान होतो. मऊ जमिनीवर फळी हवीच, पण ती रुंद आणि पातळ असावी.

रोखठोक
हे सारे वाचून माझे मत पक्के झाले आहे. हायड्रॉलिक जॅक सामान्य माणसाने ठेवूच नये. जो जॅक रात्रीत खाली बसतो, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आट्यांचा जॅक हळू चालतो, पण दगा देत नाही.

सेतू
रोखठोक, हे मत मला मान्य नाही. मी पुलांच्या दुरुस्तीच्या कामात आहे. पुलाच्या तुळया खांबांवर ज्या बेअरिंगवर टेकलेल्या असतात, ती बदलण्यासाठी पूल काही मिलिमीटर उचलावा लागतो. शेकडो टनांचा भार खांब आणि तुळईच्या मधल्या हातभर फटीतून माणसाच्या हाताने स्क्रू फिरवून उचलणे शक्य नाही. तिथे हायड्रॉलिकला पर्याय नाही. मात्र आमच्या जॅकच्या दट्ट्यावर बाहेरून आटे कापलेले असतात आणि त्यांवर एक जाड नट बसवलेला असतो. पूल वर येत जातो तसा हा नट हाताने खाली फिरवत राहायचे. हवी ती उंची मिळाली की नट जॅकच्या अंगावर घट्ट टेकवायचा आणि मगच तेलाचा दाब सोडायचा. उचलले तेलाने, धरले पोलादाने. विमाने उचलण्याच्या तिपाई जॅकलाही असेच कुलपाचे कडे असते. तेव्हा दोष हायड्रॉलिक यंत्राचा नाही. धरण्याचे काम तेलावर सोपवले, तिथे चूक झाली.

याच विचाराचे सर्वांत देखणे रूप मला चपट्या जॅकमध्ये दिसते. फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने यांनी तो विकसित केला. पोलादी पत्र्यांची कडेला फुगीर अशी एक पातळ तबकडी असते. तिच्यात द्रव भरला की ती फुगते आणि एक-दोन सेंटिमीटरच्या प्रवासात प्रचंड बल देते. काम झाल्यावर द्रवाच्या जागी सिमेंटची लापशी किंवा रेझिन भरतात आणि ते घट्ट झाले की जॅक बांधकामाचाच भाग होऊन तिथेच राहतो. फ्रेसिने यांना जॅकचे महत्त्व फार आधी उमगले होते. आलिए नदीवरचा त्यांचा ल व्हर्द्र पूल बांधून झाल्यावर काँक्रीट हळूहळू दबत गेले आणि कमानी खचू लागल्या. तेव्हा १९११ मध्ये त्यांनी कमानींच्या माथ्याशी जॅक लावून त्या पुन्हा वर घेतल्या. त्या पुलाची हकिकत वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

रोखठोक
सेतू, पटले. माझे विधान मागे घेतो. पण मग घरच्या बॉटल जॅकला असा नट का नसतो?

सेतू
कारण त्याच्याकडून फक्त उचलण्याची अपेक्षा असते. स्टँड हाच त्याचा नट.

पायवाट
ट्रॉली जॅकबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. त्याची बैठक सरळ वर जात नाही, ती कमानीसारख्या वळणाने जाते. म्हणून तर त्याला चाके असतात. भार उचलताना तो स्वतः थोडा पुढे सरकून हे वळण भरून काढतो. मी एकदा तो खडीवर वापरला. लहान लोखंडी चाके खडीत रुतली आणि जॅक जागचा हलेना. मग त्याऐवजी बैठकच गाडीच्या सांगाड्यावरून घसरत कडेला आली. करकर आवाज ऐकून मी वेळीच थांबलो आणि गाडी खाली घेतली. ट्रॉली जॅकला कडक, सपाट फरशी हवी आणि तेलाने किंवा वाळूने त्याची चाके अडली नाहीत ना, हे पाहायला हवे.

आणखी एक. मागची बाजू उचलताना हँडब्रेक ओढला आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो आणि ती चाके हवेत गेली की गाडीला धरणारे काही उरत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

वावटळ
दात्यांच्या किंवा भोकांच्या उंच पट्टीवर चढणारा शेतीचा जॅक माझ्याकडे आहे. चिखलात रुतलेली गाडी उचलायला त्यासारखे साधन नाही. दोन खुंट्या आळीपाळीने भोकांत शिरतात. एक भार धरते, तेव्हा दुसरी पुढच्या भोकात जाते. मळसूत्र यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्ट दिसते: भार खुंटीवर उभा आहे.

पण उतरवताना हाच जॅक सर्वांत घातक आहे. प्रत्येक पायरीला भार दांड्याला वर ढकलत असतो. हात निसटला तर दांडा स्वतःच वर-खाली आपटत राहतो आणि त्याच्या वाटेत आलेला जबडा किंवा मनगट मोडू शकतो. डोके कधीही दांड्याच्या रेषेत ठेवू नका आणि दांडा मुठीतून सोडू नका.

स्वाती नक्षत्र
बचावकार्यात हवेच्या पिशव्या वापरतात, त्याही याच कुळातल्या. अडीच सेंटिमीटर जाडीची पिशवी बारीक फटीत सरकवता येते, हा तिचा मोठा गुण. चाळीस सेंटिमीटर चौरस पिशवीत आठ बार दाब भरला, तर हिशेबाने सुमारे तेरा टन बल मिळते. मात्र फुगत जाईल तशी ती गोल होते, भाराला टेकणारे क्षेत्रफळ घटते आणि बलही घटते. म्हणून पिशवी थोडी फुगवायची, बाजूला लाकडी ठोकळे रचायचे आणि मगच पुन्हा फुगवायची, असे काम चालते. इथेही हवा उचलते आणि लाकूड धरते.

कणाद
इतिहासातल्या दोन गोष्टी इथेच जोडतो. पास्कल यांचा द्रवांवरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला, पण त्या तत्त्वावरच्या हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट जोसेफ ब्रामा यांनी घेतले ते १७९५ मध्ये. नियम कळूनही यंत्र यायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. अडचणीचे एक मोठे ठिकाण होते सील. दाब वाढला की दट्ट्याभोवतून पाणी उडायचे. शेवटी वाटीच्या आकाराचे चामड्याचे कडे वापरात आले. आतला दाब वाढतो तसे ते दट्ट्याला अधिकच घट्ट बिलगते, आणि याचे श्रेय ब्रामा यांच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले यांना दिले जाते. आजच्या जॅकमधले रबरी सीलही याच युक्तीने चालते. उचलून नेता येईल असा हायड्रॉलिक जॅक रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये पेटंट केला. पुढे ब्रिटिश अभियंता ब्रुनेल यांचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज नोव्हेंबर १८५७ मध्ये उतारावर अडून बसले, तेव्हा हायड्रॉलिक जॅकनी त्याला इंचाइंचाने आडवे ढकलले आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी ते तरंगले.

आडव्या कामावरून आठवले. बॉटल जॅक आडवा वापरायचा असेल, तर पंपाची बाजू खाली ठेवा. नाहीतर झडपेच्या तोंडाशी तेल पोहोचत नाही, पंप हवा ओढतो आणि दांडा स्पंजासारखा मऊ लागतो.

ओरिंग
हवा शिरलीच, तर भार नसताना तेल सोडायचा स्क्रू उघडा, दट्ट्या पूर्ण आत ढकला, तेलाचे बूच काढा आणि दांडा दहा-पंधरा वेळा मारा. तेलाची पातळी नेहमी दट्ट्या पूर्ण आत असतानाच पाहावी. तेल जॅकसाठीचे हायड्रॉलिक तेलच घाला. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते. जॅकची सीले खनिज तेलासाठी बनवलेली असल्यामुळे ग्लायकॉलने ती फुगतात आणि मऊ पडतात.

सांजवात
सर्वांचे मनापासून आभार. काल धीर करून जॅक उघडला. तेल सोडायच्या स्क्रूखालच्या गोळीच्या बैठकीवर नखाच्या टोकावर मावेल एवढा लोखंडाचा चकचकीत कीस चिकटलेला होता आणि तो जिथे दाबला गेला होता, तिथे गोळीवर बारीक रेघ उमटली होती. बैठक पुसून घेतली, गोळी नवी घातली, ती पितळी दांडीने हलकेच ठोकून बसवली आणि तेल बदलले.

काल रात्री चाक जागेवर ठेवूनच तोच कोपरा उचलला, सांगाड्याच्या एक सेंटिमीटर खाली स्टँड उभा केला आणि दट्ट्यावर पेन्सिलीने रेघ मारली. दहाला मारलेली रेघ सकाळी सहाला पाहिली. ती मिलिमीटरपेक्षा थोडी कमी खाली आली होती. ही अजूनही गळतीच समजायची का?

कणाद
कदाचित नाही. तेल तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.०७ टक्के आकुंचन पावते. दट्ट्याखाली शंभर मिलिमीटर तेल असेल आणि रात्री दहा अंशांनी गारठले असेल, तर ०.७ मिलिमीटर घट नुसत्या थंडीने होते. जॅकला हात न लावता दुपारी पुन्हा रेघ पाहा. गळती असेल तर ती आणखी खाली गेलेली दिसेल.

सांजवात
दुपारी एक वाजता पाहिले. रेघ जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर आली आहे.